मास्तर ज्या गाडीची वाट पाहत होता

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पण माझी कीव करायच्या आधी जरा थांबा. जुन्या गाड्यांच्या गोष्टीत शेवटी भंगाराचं आवार येतं, गंजलेल्या तारा येतात, सीटमधून उगवलेलं गवत येतं. माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. मी आजही रस्त्यावर धावते. माझा रंग चकचकीत आहे, दोन्ही दिवे लागतात आणि चढावर मी भल्याभल्या नव्या गाड्यांना मागे टाकते. पेट्रोल पंपावर लोक माझ्याभोवती फेरी मारतात आणि म्हणतात, "वा! काय राखलीय गाडी!" ते ऐकलं की मला वाटतं, धरणीनं दुभंगून मला पोटात घ्यावं.

का, ते सांगते.

मला कारखान्यातून घरी आणलं ते, ज्या दोघा भावांची ही गोष्ट आहे, त्यांच्या वडिलांनी. तेव्हा माझं नाक लांब होतं, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वटारलेले होते आणि अंगाला नव्या रंगाचा वास होता. वडिलांचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. कुणी भाड्याची खोली बदलत असे, कुणाची बदली होत असे, कुणी भावाशी भांडून वेगळं निघत असे. कपाटं, पलंग, शिलाई मशीन, गाद्या, सगळं माझ्या हौद्यात चढायचं आणि दुसऱ्या दारात उतरायचं. वडिलांनी हौद्याला लाकडी फळ्या ठोकून घेतल्या, मागच्या फाळक्याला जाड साखळी लावली. लोकांचा संसार माझ्या पाठीवरून जातो, याचा मला फार अभिमान होता.

माझं इंजिन दणकट होतं, पण जरा बोबडं. तीन ठोके भरभर पडायचे आणि चौथा उशिरा, जसं काही त्याला वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटलं. त्या वेळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी कितीदा सांगितलं, "हा दोष आहे, काढून देतो." वडील म्हणायचे, "राहू दे. नाकात बोलणारा माणूस वाईट असतो का?"

आणि मग धाकटा जन्माला आला.

धाकटा इतर मुलांसारखा नव्हता. तो उशिरापर्यंत बोलला नाही. दार आपटलं, कुणी मोठ्यानं हसलं, भांडं पडलं की तो कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. आई रडकुंडीला यायची. एका संध्याकाळी काहीच सुचेना म्हणून वडिलांनी त्याला उचलून माझ्या सीटवर ठेवलं आणि इंजिन चालू केलं. पोर जागच्या जागी गप्प झालं. त्यानं माझ्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि थोड्या वेळानं एक बोट हलू लागलं. तीन ठोके भरभर, एक उशिरा. जगातल्या सगळ्या आवाजांनी ज्याला छळलं, त्याला माझा आवाज आवडला. मित्रांनो, एखाद्या गाडीला याहून मोठं बक्षीस कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

शाळेनं त्याला परत पाठवलं. वडील म्हणाले, "ठीक आहे, माझ्याबरोबर येईल." एकदा एका घराचं सामान काही केल्या हौद्यात मावत नव्हतं. वडील आणि थोरला घामाघूम झाले होते. धाकटा खाली उतरला, हौद्याकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं आणि बोट दाखवत म्हणाला, "हे इथं. ते तिथं." त्यानं सांगितलं तसं लावलं, तर सगळं बसलं आणि वर एक खुर्ची मावेल एवढी जागा उरली. ज्यांचं सामान होतं ते गृहस्थ हसून म्हणाले, "हा तर मास्तर निघाला!" त्या दिवसापासून गल्लीत त्याला सगळे मास्तर म्हणू लागले.

पुढे वडील गेले, मागोमाग आईही गेली. धंदा थोरल्याकडे आला. त्याला सगळे दादा म्हणत. दादा गाडी चालवायचा, मास्तर सामान लावायचा. अशी जोडी त्या गावात दुसरी नव्हती. एका म्हाताऱ्या बाईंचं काचेच्या दारांचं कपाट होतं आणि त्यात पातळ काचेचे पेले. बाईंनी ते न्यायची आशाच सोडली होती. मास्तरनं एकेक पेला चादरीत गुंडाळला, गाद्यांच्या मध्ये खोबणी केली आणि वाटभर मान वळवून मागच्या काचेतून त्यांच्यावर नजर ठेवली. नव्या घरी एकही पेला तडकला नव्हता. बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्या बोटांना डोळे आहेत रे बाळा." मास्तरनं हात सोडवून घेतला, कारण त्याला कुणी धरलेलं आवडत नसे. पण घरी येईपर्यंत तो माझ्यात बसून गालातल्या गालात हसत होता.

दादाचं लग्न झालं. वहिनी घरात आली ती शहाणी. मास्तरच्या ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागता कामा नये, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि त्याच्यासाठी कप्प्यांचं ताट आणलं. ती गमतीनं म्हणायची, "मला दोन दीर आहेत. एक मास्तर आणि एक गाडी. दोघांनाही वेळेवर पाणी लागतं." दादा एकटाच मला घेऊन कुठे गेला, तर परत येताना मी बेकरीच्या कोपऱ्यावर वळले की मास्तरला घरात कळायचं. जेवत असला तरी तो उठायचा. मी दाराशी पोचेपर्यंत फाटक सताड उघडलेलं असायचं.

वर्षं गेली आणि माझं इंजिन थकलं. आधी तेल पिऊ लागलं, मग धूर टाकू लागलं. मिस्त्री आले, उघडलं, घासलं, बसवलं. हे आताचे मिस्त्री दादाचे लहानपणचे दोस्त, हाताचे सच्चे. त्यांनी जीव ओतला, पण मी पुन्हा तापायचे. एकदा एका घाटात, पाठीवर कुणाचा तरी अख्खा संसार असताना, माझ्या बॉनेटमधून वाफेचा लोट उसळला आणि मी बंद पडले. दादा कपाळाला हात लावून दगडावर बसला. मास्तर खाली उतरला, माझ्या तापलेल्या नाकाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "दमली."

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी दादाला जवळ बोलावून बॅटरीच्या उजेडात एक बारीक रेघ दाखवली.

"इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा गेलाय दादा. आता याला किती लिंपायचं? याचे सुटे भागही कुठे मिळत नाहीत."

"मग?"

"मग काय, विकून टाक. नाहीतर दुसरं इंजिन बसवू. मागून चेपलेली एक नव्या जमान्याची गाडी आलीय माझ्याकडे. अंगाचा चेंदामेंदा झालाय, पण इंजिन कोरं करकरीत आहे. काम किचकट आहे, पण मी करतो."

"विकायचं नाव काढू नकोस," दादा म्हणाला. "मास्तर दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही. त्याच्यासाठी हिला जगवायलाच हवी."

घरी हे कळलं तेव्हा वहिनी म्हणाली, "अहो, मग त्याला आधी घेऊन जा की गॅरेजमध्ये. काय काढताय, काय घालताय, ते बघू दे त्याला."

"वेडी आहेस का? गाडी उघडीवाघडी बघून तो हंबरडा फोडेल. त्यापेक्षा तयार करूनच आणतो. दारात उभी राहिली की बघ कसा उड्या मारतो."

मित्रांनो, त्या दिवशी त्या घरात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही कुणाला तरी दोष द्यायला शोधाल.

मग माझं बॉनेट उतरलं. छताच्या तुळईला साखळीची कप्पी टांगली. पाण्याचे पाइप सुटले, तारा सुटल्या, नट एकेक करून पत्र्याच्या डब्यात पडले. साखळी ताणली गेली आणि माझं इंजिन माझ्यातून वर उचललं गेलं. त्यातून काळं तेल ठिबकत होतं. ते क्षणभर हवेत झुललं आणि मग कोपऱ्यातल्या टायरवर जाऊन बसलं. त्या जागी मला फक्त वारा लागत होता.

नवं इंजिन माझ्या मापाचं नव्हतं. मिस्त्रींनी जुने आधार कापले आणि नवे वेल्डिंग करून बसवले. गिअरबॉक्स बदलावा लागला, म्हणून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा कापून आखूड केला. रेडिएटर मोठा आला. माझ्या चार साध्या तारांच्या जागी वायरिंगचं जंजाळ आलं. दादा रोज यायचा, मिस्त्रींबरोबर हात काळे करायचा. त्यानं मला रंगही दिला, अगदी पहिल्या दिवसाचा. मिस्त्रींनी ब्रेकसुद्धा नवे टाकले, काही म्हणून कमी ठेवलं नाही. आणि एका दुपारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. दादानं टायरवरच्या त्या इंजिनाकडे पाहिलंही नाही. "ने," म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं. पण ज्यानं ओरडायचं, तेच हातगाडीवर चढत होतं.

त्या सगळ्या काळात मास्तर रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा. "गाडी?" तो विचारायचा. "येतेय," दादा सांगायचा.

शेवटी मी आले. नव्या इंजिनानं मला अशी अलगद आणली, की बेकरीचा कोपरा कधी वळले ते मलाच कळलं नाही. फाटक बंद होतं. दादानं हॉर्न दिला तेव्हा मास्तर बाहेर आला. मला पाहून तो तोंडभर हसला. मित्रांनो, तो हसला होता. फाटक उघडून धावत आला, माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्याचं बोट ठोका द्यायला वर झालं.

ते बोट तसंच राहिलं. खाली एकसारखी, गुळगुळीत गुणगुण चालली होती. तिच्यात मोजायला काही नव्हतं. तापल्या तव्यावर पडावा तसा त्यानं हात मागे घेतला.

"ही नाही," तो म्हणाला.

"अरे, तीच आहे वेड्या! ही बघ तुझी सीट. हे बघ, इथं तूच खिळ्यानं रेघ ओढली होतीस."

मास्तरनं आत वाकून सीट चाचपली, रेघेवरून बोट फिरवलं. पुन्हा कान दिला. मग स्वतःच बॉनेट उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि दादाकडे वळून विचारलं, "कुठंय?"

दादानं हळूच बॉनेट लावून घेतलं.

त्या दिवसापासून मास्तर माझ्यात बसला नाही. दादानं समजावलं, रागावून पाहिलं, हातापाया पडला. मिस्त्री स्वतः आले. त्यांनी सायलेन्सर काढून आवाज मोठा केला, एका प्लगची तार सैल करून इंजिनाला मुद्दाम अडखळायला लावलं. मास्तर दारापर्यंत आला, मान तिरकी करून ऐकलं.

"खोटं," मास्तर म्हणाला आणि आत गेला.

मग दादा मला घेऊन भंगारवाल्याकडे गेला. "ते इंजिन परत दे. चालू नसलं तरी चालेल, अंगणात ठेवतो. त्याला निदान बघता येईल." भंगारवाला चांगला माणूस होता. त्यानं खरंखुरं सांगितलं, "ते तर कधीच भट्टीत गेलं हो. आता त्याच्या कढयाही झाल्या असतील." परत येताना दादा मला रस्त्याकडेला घेऊन थांबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. माझं नवं इंजिन त्याच्या हुंदक्यांखाली शांतपणे चालू होतं. जुनं असतं तर हुंदका कुणाला ऐकूही आला नसता.

कामं येतच होती. दादानं दोन हमाल ठेवले. माणसं कष्टाळू होती, पण पहिल्याच खेपेत एक मोठा आरसा फुटला. मास्तर घरी राहू लागला. नाही, घरी नव्हे, फाटकाशी. तो सकाळपासून गाडीची वाट बघायचा आणि मी समोरून येताना दिसले, की फाटकाचं दार धरून बाजूला सरायचा, परक्या गाडीला वाट देतात तसा. वहिनीच्या कप्प्यांच्या ताटातलं अन्न तसंच उरू लागलं. त्याच्या गळ्याची हाडं दिसू लागली. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो रागावला नव्हता. तो वाट बघत होता, आणि आपण वाट बघतोय त्याअर्थी गाडी येणार, अशी त्याची खात्री होती.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी मोठ्या रस्त्यावरून कुठलासा जुना ट्रक गेला, धडधडत, अडखळत. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. ती पुढे आली तेव्हा फाटक उघडं होतं आणि मास्तरच्या चपला तिथेच पडल्या होत्या.

दादा मला घेऊन धावला. मी कधी पळाले नव्हते एवढी त्या दिवशी पळाले. प्रत्येक चौकात तो मान बाहेर काढून विचारायचा, "अनवाणी माणूस पाहिला का? अंगात निळा स्वेटर आहे." कुणी म्हणे इकडे गेला, कुणी म्हणे तिकडे. ऊन कलत होतं. गावाबाहेर नव्या गटाराचे सिमेंटचे मोठे पाइप रस्त्याकडेला रचून ठेवले होते. दादा उजवीकडच्या पानवाल्याला विचारत होता. आणि डावीकडे, दोन पाइपांच्या फटीत, मला निळा स्वेटर दिसला.

तो रस्त्याकडे पाठ करून बसला होता. पानवाल्यानं मान हलवली. दादानं गिअर टाकला. मित्रांनो, माझ्यात जुना आवाज असता, तर तो शंभर पावलांवरून उठून धावत आला असता. तो वळला नाही. त्याच्या मागून गेली ती रस्त्यावरच्या शेकडो गाड्यांसारखी एक गाडी. मी पुढे गेले. दादानं पाय दाबला तशी मी आज्ञाधारकपणे, झपाट्यानं पुढे गेले. तो पायांत डोकं घालून बसलेला मला आरशात दिसत राहिला, लहान होत होत दिसेनासा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाइपांच्या रखवालदारानं त्याला पाहिलं आणि पोलीस चौकीवर कळवलं. दादा पोचला तेव्हा मास्तर तापानं फणफणला होता. ओठ निळे पडले होते, पायांची चाळण झाली होती. दादानं त्याला लहान मुलासारखा उचलला आणि माझ्या सीटवर ठेवला. नको म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. नव्या इंजिनानंतर मास्तर माझ्यात बसला, तो असा.

मी दवाखान्याकडे निघाले. गचका नाही, धूर नाही, कुठे थांबणं नाही. वाटेत त्यानं डोळे उघडले. डॅशबोर्डवर त्याचं बोट हळूहळू आपटू लागलं. माझ्याकडे नव्हता तो ठोका तो स्वतःच देत होता.

"गाडी आली?" त्यानं विचारलं.

"आली रे राजा," दादा म्हणाला. "आपल्याच गाडीत बसलायस तू."

मास्तरनं मान हलवली. नाही. मग दादाच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी त्याला दिसलं असावं. ज्याला कुणी धरलेलं आवडत नसे, त्यानं हात पुढे करून दादाच्या दंडावर ठेवला.

"येईल," तो म्हणाला. दादाची समजूत घालत होता तो.

डॉक्टरांनी सांगितलं, न्यूमोनिया आहे आणि अंगात झगडायला काही शिल्लक नाही. मास्तर दवाखान्यातून परत आला तो माझ्या हौद्यात, चादरीखाली. हमाल पुढे झाले, पण दादानं त्यांना हात लावू दिला नाही. हौद्यात गाद्या कशा रचायच्या, त्याला धक्का न लागता कुठे ठेवायचा, हे दादाला एकट्याला सुचत नव्हतं.

आता मी रोज कामावर जाते. पोट कुणाला चुकलंय? मागे एकदा वहिनीनं विचारलं, "तुम्हाला त्रास होतो हिच्यात बसून. विकून टाकायची का?" दादा म्हणाला, "विकून काय होणार? जे द्यायचं नव्हतं ते देऊन झालंय."

मित्रांनो, माझ्या जातीच्या गोष्टींच्या शेवटी वस्तू तुम्हाला विनवते, की आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं. माझी विनंती वेगळी आहे. कुणाच्या सुखासाठी त्याचं काही बदलायला निघालात, तर आधी त्याला हाताशी धरून न्या आणि दाखवा. तो रडेल म्हणून टाळू नका. त्याला सांगता येत नाही, म्हणून त्याला काही वाटत नाही असं धरून चालू नका. त्या दिवशी वहिनीचं ऐकून दादानं मास्तरला गॅरेजमध्ये आणलं असतं, तर साखळीला लटकणारं इंजिन बघून तो नक्की रडला असता. रडून झाल्यावर त्यानं कदाचित नव्या इंजिनावर हात ठेवून पाहिला असता. कदाचित नसताही ठेवला. ते आता कुणालाच कळायचं नाही.